संस्कृती कोणाची, सुधारणा कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय आहे 'संस्कृती, सत्ता आणि आधुनिकता'. विद्यापीठात या विषयावर जाडजाड पुस्तके आहेत. पण आपण गावात, वस्तीत, कोर्टकचेरीत काम करणाऱ्या बाया. आपला या शब्दांशी काय संबंध, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल.

संबंध रोजचा आहे. मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. तिथे सासरची मंडळी येतात आणि म्हणतात, "आमच्यात असं चालत नाही." दुसरे एखादे शिकलेले घर येते. ते म्हणते, "आम्ही तसल्या जुन्या विचारांचे नाही, आम्ही सुनेला नोकरी करू देतो." पगार कोणाच्या हातात जातो असे विचारले की सगळे गप्प. पहिले घर संस्कृतीचे नाव घेते, दुसरे आधुनिकतेचे. 'चालत नाही' म्हणणारा वेगळा, 'करू देतो' म्हणणारा वेगळा. पण ठरवण्याचा अधिकार दोन्ही घरांत बाईकडे नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे, की हाच प्रकार समाजांच्या आणि देशांच्या पातळीवरही होत आला आहे. तो ओळखायला शिकलो तर आपल्या कामाला धार येईल.

सुरुवात आपल्या मुंबईपासून करू. १८८४ साली दादाजी भिकाजी नावाच्या माणसाने मुंबई हायकोर्टात दावा लावला, की माझी बायको रखमाबाई हिला माझ्या घरी नांदायला पाठवा. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांची होती. ती आईकडेच वाढली, शिकली, आणि मोठी झाल्यावर तिने या माणसाबरोबर राहायला साफ नकार दिला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईने कळवले, मी तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेली, डॉक्टर होऊन परतली आणि सुरत व राजकोट इथे तिने अनेक वर्षे काम केले.

ही कथा बऱ्याच जणींना ठाऊक आहे. मला तिच्यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधायचे आहे.

त्या काळात धर्म बुडाला, संस्कृती बुडाली असा गिल्ला झाला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी' आणि 'मराठा'मधून दादाजीची बाजू लावून धरली. पण बायकोला कोर्टाकरवी नांदायला आणण्याचा हा दावा मुळात आपल्या धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला, इंग्रजांनी इकडे आणलेला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकालात हे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे आपली संस्कृती म्हणून ज्याच्यासाठी एवढा आरडाओरडा झाला, तो विलायती माल होता! आणि इंग्रजांची आधुनिकता बघा. असा हुकूम न पाळल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची शिक्षा इंग्लंडने १८८४ सालीच काढून टाकली होती. हिंदुस्थानातल्या बाईसाठी मात्र ती राहिली.

दुसरी गोष्ट जातीची. रखमाबाई सुतार समाजातली. तिची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता, आणि तो त्यांच्या समाजात रूढच होता. ब्राह्मणी घरात विधवेचे केशवपन होत होते, त्याच काळात शेजारच्या जातीत तिचा पाट लागत होता. मग 'हिंदू संस्कृती' म्हणून जी सांगितली गेली ती कोणाची होती? १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवले, की लग्न, वारसा अशा बाबतींत हिंदूंना शास्त्र लावायचे आणि मुसलमानांना कुराण. शास्त्र सांगायला पंडित बसवले. अशा रीतीने वरच्या जातीतल्या पुरुषांची रीत सगळ्यांचा कायदा होऊ लागली. हलती, जातीजातीत वेगळी असणारी रूढी कागदावर आली आणि घट्ट झाली. आपण जिला पुरातन समजतो त्या परंपरेचा बराचसा भाग असा सरकारी कचेरीत घडलेला आहे.

हे सगळे अभ्यासक आज सांगतात असे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात रखमाबाईच्या खटल्याबद्दल लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की इंग्रज सरकार बाईचा कैवार घेणार नाही, कारण या देशातल्या पुरुषांशी त्याने करार केलेला आहे आणि ते तो करार पाळते आहे. बघा, सत्ता आणि संस्कृती यांची हातमिळवणी कशी असते हे एका मराठी बाईने तेव्हाच नेमके पकडले होते.

आता थोडे बाहेर पाहू, कारण हे दुखणे एकट्या आपल्या समाजाचे नाही.

इजिप्तमध्ये १८८३ ते १९०७ इंग्रजांचा कारभार लॉर्ड क्रोमर यांच्या हातात होता. इस्लाममध्ये बाईची स्थिती हीन आहे, बुरखा हा प्रगतीतला अडथळा आहे, असे ते हिरिरीने मांडत. त्याच क्रोमरसाहेबांनी इजिप्तच्या सरकारी शाळांची फी वाढवली. मायदेशी परतल्यावर ते इंग्लंडमध्ये बायकांना मत देऊ नये म्हणणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष झाले! परक्या बाईचा कळवळा आणि घरच्या बाईला विरोध, हे एकाच माणसात सुखाने नांदत होते.

अल्जिरियावर फ्रेंचांनी १८३० साली स्वारी केली. सव्वाशे वर्षांनी, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना, मे १९५८ मध्ये अल्जिअर्स शहरात जाहीर समारंभ करून मुसलमान बायकांचे बुरखे उतरवण्यात आले. आम्ही तुम्हाला मुक्त करतो आहोत, हे जगाला दाखवायचे होते. फ्रान्समधल्या बायकांना मताधिकार १९४४ साली मिळाला. अल्जिरियातल्या मुसलमान बायकांना प्रत्यक्ष मत देता आले ते त्या १९५८ सालीच. फ्रान्त्स फॅनन हे मानसोपचारतज्ज्ञ त्या लढ्यात होते. त्यांनी १९५९ साली लिहिले, की सत्ताधारी बुरख्याच्या मागे लागले म्हणूनच बुरखा प्रतिकाराची खूण झाला. लढ्यातल्या बायका गरजेप्रमाणे कधी बुरखा टाकून युरोपियन वेषात पहाऱ्यातून निसटत, तर कधी बुरख्याआड शस्त्रे नेत.

फॅनन यांचे म्हणणे खरे, पण अपुरे. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. पुढे याच स्वतंत्र देशाने १९८४ साली कुटुंबकायदा केला. बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे, लग्नाला तिचा पालक पुरुष हवा, नवऱ्याला एकीहून अधिक बायका करता येतील, असे त्यात होते. बंदुका वाहिलेल्या बायका त्याविरुद्ध रस्त्यावर आल्या, तरीही कायदा झाला. आज्ञेचे कलम निघायला २००५ साल उजाडले. परक्यांची सत्ता गेली की बाई आपोआप मोकळी होते, हा समज अल्जिरियाने खोटा ठरवला.

इराणचे उदाहरण तर आरशासारखे आहे. १९३६ साली रझा शहाने देश आधुनिक करायचा म्हणून बुरख्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचे वस्त्र ओढून काढत. कितीतरी बायकांनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७९ साली क्रांती झाली. त्याच वर्षी ८ मार्चला हजारो बायका सक्तीच्या हिजाबाविरुद्ध तेहरानच्या रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली हिजाब न घातल्यास ७४ फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी याच कारणावरून पोलिसांच्या ताब्यात असताना कोसळली आणि मरण पावली. एका राजवटीचा पोलीस काढायला लावतो, दुसऱ्या राजवटीचा घालायला लावतो. हात मात्र पोलिसाचाच, आणि डोके बाईचेच.

मग आपण काय करायचे? रूढी ती रूढी, तिला हात लावू नये, असे मी म्हणत नाही. 'प्रत्येक समाजाची आपापली संस्कृती असते' असे म्हणून मार खाणाऱ्या बाईकडे पाठ फिरवणे हा पळपुटेपणा आहे. पण कोणी सुधारणेचा झेंडा घेऊन आला, की डोळे मिटून त्याच्या मागे जाणेही धोक्याचे. आपल्याकडे तलाक, बुरखा यांवर सर्वांत मोठा आवाज कोण करते आणि स्वतःच्या घरातल्या हुंड्यावर, जातीबाहेरच्या लग्नावर कोण मूग गिळते, ते तुम्ही पाहताच.

अशा वेळी मी तीन साधे प्रश्न विचारते. ही रीत किंवा ही सुधारणा कोणी ठरवली? तिने कोणाच्या हाती पैसा, जमीन, अधिकार गेला? आणि ज्या बाईच्या नावाने हे चालले आहे, तिला नाही म्हणता येते का?

हे प्रश्न जुन्या गोष्टींपुरते नाहीत. रखमाबाईवर लावलेला दावा आजही आपल्या कायद्यात आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ ते हेच. इंग्लंडने तो १९७० साली रद्द केला. १९८३ साली आंध्र हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी तो घटनाबाह्य ठरवला. बाईच्या शरीरावरचा तिचा हक्क हिरावला जातो, असे त्यांनी सांगितले. पण १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने संसार टिकावा या कारणाने तो उचलून धरला. नवरा आणि बायको दोघांनाही हा दावा लावता येतो, हे खरे. केंद्रात मात्र आम्ही पाहतो ते असे, की बाईने पोटगीचा अर्ज टाकला की पाठोपाठ नवऱ्याची नांदायला येण्याची नोटीस येते. तिला वाटते आता जावेच लागेल, नाहीतर पोटगी बुडाली. तिला नीट सांगा. पोलीस तिला उचलून सासरी नेऊ शकत नाहीत. आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की असा हुकूम झाला तरी न नांदण्याला सबळ कारण असेल तर बायकोची पोटगी आपोआप बंद होत नाही. म्हणून मारहाण, हाकलून देणे, पैशाची मागणी यांची नोंद, तारखा, दवाखान्याचे कागद जपून ठेवायला सांगा. नोटिशीला उत्तर न देता बसू देऊ नका.

चर्चेसाठी गटात बसाल तेव्हा आपापल्या भागातली एक रीत घ्या आणि एक सरकारी योजना घ्या. दोन्हींना हे तीन प्रश्न लावून पाहा, आणि निघालेली उत्तरे दुपारच्या सत्रात मांडा.