राज्याची भाषा, लोकांची भाषा

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



भाषा हे विचारविनिमयाचे साधन आहे, अशी व्याख्या आपण शाळेत शिकलो. ती खोटी नाही, अपुरी आहे. न्याय कोणत्या भाषेत मागायचा, हुकूम कोणत्या भाषेत निघायचा, हे जो ठरवितो, सत्तेची किल्ली त्याच्या हाती असते. ज्याला ती भाषा येत नाही, तो स्वतःच्याच गावात दुभाष्याचा आश्रित होतो.

या सत्याची जाण असलेला राज्यकर्ता आपल्याच भूमीत होऊन गेला. शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती. शिवाजी महाराजांची संस्कृतात. त्या काळी दप्तरातून मराठी हद्दपार झालेली नव्हती. आदिलशाहीचा महसुली हिशेब मराठीतही लिहिला जाई. पण त्या मराठीचा सांगाडा तेवढा आपला उरला होता, शब्द बहुतेक फारसी. महाराजांनी रघुनाथपंडितांकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपविले. दहा वर्गांत सुमारे १३८० शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. सिंहासनाबरोबर दप्तराचीही प्रतिष्ठापना व्हावी, ही त्यामागील दृष्टी होती.

परिणाम काय झाला? इतिहासाचार्य राजवाडे यांनी निवडक पत्रांतील शब्दच मोजून काढले. १६२८ च्या पत्रात सुमारे ८६ टक्के शब्द फारसी होते. १६७७ च्या पत्रात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आत आले आणि १७२८ च्या पत्रात दहा टक्क्यांच्याही खाली गेले. नमुना लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे. सत्ता पालटली आणि शंभर वर्षांत लेखणी पालटली.

मात्र याच इतिहासाची दुसरी बाजूही आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कोशाने पेशव्याला मुख्यप्रधान केले; लोकांनी बाजीरावांना पेशवेच म्हटले. तारीख, जमीन, वकील, अर्ज हे शब्द कोशाला न जुमानता राहिले, कारण ते जनतेने आपलेसे केले होते. उलट स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले महापौर, दिग्दर्शक हे शब्द सहज रुळले. नव्या व्यवहाराला नावे हवी होती, ती सुबोध होती आणि वृत्तपत्रांनी ती नित्य वापरली. शब्दाचे कूळ संस्कृत की फारसी, यापेक्षा तो लोकांच्या ओठी बसतो की नाही, यावर त्याचे आयुष्य ठरते.

फारसीनंतर इंग्रजी आली. १८३५ साली इंग्रजी शिक्षणाला राजाश्रय मिळाला आणि इंग्रजी जाणणारा व न जाणणारा, अशी समाजाची नवी विभागणी झाली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम आला, १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी मराठीची अधिसूचना निघाली. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही लाभला. परंतु राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा मूलतः इंग्रजीच आहे. राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यभाषा वापरण्याची वाट त्याच अनुच्छेदात खुली आहे. उत्तर प्रदेश, राजस्थानसारख्या राज्यांत त्या वाटेने हिंदी न्यायालयात गेली. मुंबईत मराठी अजून दाराबाहेर आहे. ज्या निकालाने शेतकऱ्याची जमीन जाते वा राहते, तो निकाल त्याला स्वतः वाचता येऊ नये, हे लोकशाहीला शोभणारे नाही.

आणि जेथे मराठी आहे, तेथे तरी ती लोकांची आहे काय? ‘अधोस्वाक्षरीकार यांचेकडून उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’ हे वाक्य देवनागरीत आहे, पण तहसील कचेरीत आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ते फारसीइतकेच परके आहे. मग तो बाहेर टेबल मांडून बसलेल्या अर्जलेखकाकडे जातो. भाषेचे नाव बदलले, दुभाषी कायम राहिला! इंग्रजीविरुद्ध घोषणा देणे सोपे आहे; आपल्या कार्यालयातील मराठी सोपी करणे कष्टाचे आहे. राज्यव्यवहारकोशाचा खरा वारसा या दुसऱ्या कामात आहे.

म्हणून मी आपणाकडे तीन लहान गोष्टी मागतो. बँकेचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक अशा तिन्ही भाषांत असावेत, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. मराठी अर्ज आग्रहाने, पण सौजन्याने मागा. आपल्या गृहसंस्थेचे, पतपेढीचे इतिवृत्त सर्वांना कळेल अशा मराठीत लिहा. आणि आपल्यापैकी जे शासकीय सेवेत आहेत, त्यांनी पत्रावर सही करण्यापूर्वी ते आपल्या आईला वाचून दाखवावे. तिला कळले, तर राज्याला कळले.

सिंहासन एका दिवसात उभे राहते. भाषेचे राज्य रोजच्या व्यवहारातून उभे करावे लागते. ते काम आपल्या हातात आहे.