विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न

(मिहान परिसरातील विद्यार्थी, पालक व घरमालक यांच्यासमोर केलेले भाषण)



परगावी शिकावयास निघालेल्या मुलाला पूर्वी घरातील वडीलधारी माणसे दोन प्रश्न विचारीत : उतरणार कोठे आणि जेवणार कोठे? आज प्रवेशाची आणि शुल्काची चर्चा घरोघर होते. हे दोन प्रश्न मात्र प्रवेश मिळाल्यानंतर आठवतात. फी माफ झाली तरी खोली न मिळाल्यामुळे शिक्षण अर्धवट सुटू शकते, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

महाराष्ट्राला या प्रश्नाची जाण फार जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणले. खेड्यातील मुलासाठी शाळेइतकीच राहण्याच्या जागेचीही गरज असते, हे या दोघांनी ओळखले होते.

मिहानमध्ये हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. शिवणगाव, खापरी, दहेगाव, कलकुही, तेल्हारा या गावांच्या जमिनींवर हा प्रकल्प आकाराला आला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या कायम संकुलाचे उद्घाटन मे २०२२ मध्ये झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संकुल राष्ट्राला अर्पण करण्यात आले. या संस्थांच्या आवारात वसतिगृहे आहेत. परंतु वर्धा मार्गावरील अन्य महाविद्यालयांत शिकणारी आणि येथील उद्योगांत उमेदवारी करणारी मुले-मुली खोली शोधीतच येतात. मार्च २०१९ पासून मेट्रो खापरीपर्यंत धावू लागली, ही मोठी सोय झाली. तथापि स्थानकापासून पुढचे अंतर उरतेच. म्हणून विद्यार्थ्यांनी केवळ भाडे पाहून खोली घेऊ नये. जाण्यायेण्याचा खर्च आणि सायंकाळी परतण्याची सोय यांचाही हिशेब करावा. मुलींच्या बाबतीत तर तो आधी करावा.

व्यवहार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर असते. तसा करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे लेखी करारात घरमालकाचेही हित आहे. अनामत किती व ती केव्हा परत मिळणार, विजेचा दर मीटरप्रमाणे की ठोक, हे त्यात स्पष्ट लिहावे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नव्हे. त्याची वीज आणि पाणी यांवरून मे महिन्यात होणारे तंटे करारातील दोन ओळींनी टळतात. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, तर अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. भोजन, निवास व निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. पात्रतेच्या अटी आणि आपले महाविद्यालय योजनेच्या हद्दीत येते की नाही, याची चौकशी खोली घेण्यापूर्वीच संबंधित विभागाच्या कार्यालयात करावी.

येथे एक अडचण मोकळेपणाने सांगितली पाहिजे. योजनेची रक्कम हप्त्यांनी येते. भाडे मात्र दरमहा द्यावे लागते. शेतमजुराचा मुलगा या मधल्या काळातच कोंडीत सापडतो. हप्ते वेळेवर मिळावेत हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि ते त्याने कसोशीने पाळले पाहिजे. मंजुरीचे पत्र पाहून घरमालकांनीही एखाद्या महिन्याची सवलत द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. खोली देताना आडनाव, जात, धर्म विचारण्याची रीत अजून संपलेली नाही. ओळखपत्र अवश्य पाहावे, पोलीस ठाण्यास माहिती अवश्य द्यावी. परंतु जातीची चौकशी करून दार लावून घेणे शाहू महाराजांच्या महाराष्ट्राला शोभत नाही. विद्यार्थ्यांनीही घर स्वच्छ ठेवावे, शेजाऱ्यांची झोप मोडू नये आणि खोली सोडताना पूर्वसूचना द्यावी. एकाच्या बेफिकिरीमुळे पुढच्या दहा जणांना नकार मिळतो.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांनी प्रकल्पासाठी जमीन दिली आहे. घर सोडून नव्या जागी बिऱ्हाड मांडणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी सांगावयास नको. गडचिरोलीहून किंवा मेळघाटातून वळकटी घेऊन आलेला मुलगा उद्या आपल्या दाराशी उभा राहील, तेव्हा आपला तो अनुभव आठवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.