रोजंदारी आणि श्रद्धा



युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे. फ्रान्समधल्या ख्रिस्ती धर्मगुरूंची हकिगत त्याने कशाला सांगावी, असे काहींच्या मनात आले असेल. आम्ही ख्रिस्ती नाही. शाळाही आमची फार झाली नाही. वाचले ते कचेरीतल्या कपाटातले. पण रोजंदारी हा आमचा विषय आहे. आज आहे, उद्या नाही अशा कामात श्रद्धा कशी टिकते, हे ज्यांनी आपल्या अंगावर घेऊन पाहिले त्यांच्याविषयी आम्हांस आदर वाटतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची एक गोष्ट आहे. तो पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, पुन्हा दुपारी जातो, दिवस मावळायला तासभर उरला असता पुन्हा जातो. तेव्हाही माणसे उभीच असतात. रिकामे का, म्हणून विचारले तर सांगतात, आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. संध्याकाळी तो सर्वांना सारखीच मजुरी देतो आणि दिवसभर राबलेले कुरकुर करतात. या गोष्टीचा पारमार्थिक अर्थ जाणत्यांनी सांगावा. आम्ही एवढेच म्हणू की, ती ज्याने सांगितली त्याने मजूरअड्डा जवळून पाहिला असला पाहिजे. न मिळालेल्या कामाचा शीण असतो, हे ज्याला ठाऊक आहे तोच अशी गोष्ट सांगेल.

आता फ्रान्सकडे वळू. १९४१ साली जाक लोव नावाचा एक डोमिनिकन धर्मगुरू मार्सेयच्या गोदीत मजूर म्हणून उभा राहिला. हा गृहस्थ मूळचा वकील, तरुणपणी नास्तिक. गोदी कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करावा म्हणून त्याला नेमले होते. पुस्तकांतून आणि आकड्यांतून ती कळेना, तेव्हा त्याने मजुराचे कपडे घेतले आणि ओझी उचलू लागला. पुढे १९४३ साली हिटलरच्या कारखान्यांत फ्रेंच कामगारांना सक्तीने नेण्यात आले, त्यांच्यामागे काही धर्मगुरू आपली ओळख लपवून साधे कामगार म्हणून गेले. आंरी पेरां हा त्यांतला एक. लाइपझिगमध्ये तो पकडला गेला आणि तुरुंगात पडला. त्याच सुमारास पॅरिसचे कार्डिनल स्युआर यांनी कामगारवस्त्यांसाठी निराळे कार्य सुरू केले. कामगार देवळाकडे येत नव्हता, तेव्हा धर्मगुरूनेच कामगाराकडे जावयाचे असे ठरले.

गोदीतले काम त्या काळी रोजचे रोज मिळावयाचे. श्रोत्यांपैकी ज्यांनी असा अड्डा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाळीस माणसे हवी असतात आणि शंभर उभी असतात. मुकादमाची नजर फिरते. शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करावे, हा ख्रिस्ती धर्मातला मोठा नियम. देवळाच्या बाकावर तो अवघड नाही. अड्ड्यावर मात्र शेजाऱ्याचे नाव पुकारले गेले म्हणजे आपले राहिले! मग माणूस हळूच अर्धे पाऊल पुढे सरकतो. मुकादमाला विडी देतो, विडीवर भागले नाही तर पगारातला वाटा देतो. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे, घरी चूल पेटायची असते म्हणून. शिवाय दिवसभर पोती वाहिलेल्या माणसाला रात्री प्रार्थनेला बसवून पाहा. देव आठवण्यापूर्वीच डोळा लागतो.

यावर उपाय काय? आम्हांस एकच ठाऊक आहे : पाळीची वही. ज्याचा क्रम त्याचे काम, आणि काम नसेल त्या दिवशीही थोडी हजेरी. फ्रान्समध्ये १९४७ साली गोदी कामगारांसाठी तसा कायदा झाला, आपल्याकडे १९४८ साली. शेजारधर्म वहीत लिहिला गेला म्हणजे तो पाळणे गरिबालाही परवडते. पण ही वही मुकादम आपण होऊन ठेवीत नाही, ती संघटनेने ठेवावयास लावावी लागते. म्हणूनच हे धर्मगुरू एकामागून एक युनियनमध्ये गेले, काही तर पदाधिकारी झाले. पेरां पुढे आल्प्समध्ये इझेर-आर्क प्रकल्पाच्या बांधकामावर होता. धरण-बोगद्याचे काम हे मुळातच तात्पुरते. पुरे झाले की छावणी उठते. तेथे त्याने संपात पुढाकार घेतला. १९५१ साली मिशेल फाव्रो हा तरुण धर्मगुरू बोर्दोच्या गोदीत माल अंगावर पडून मेला. अशा मरणात धर्मगुरू आणि मजूर हा भेद उरत नाही.

रोमला हे मानवले नाही. त्या युनियनमध्ये कम्युनिस्टांचे प्राबल्य होते, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे आम्हांस कारण नाही. १ मार्च १९५४ ही मुदत घालण्यात आली. युनियनची पदे सोडावी आणि अंगमेहनतीचे काम दिवसाला तीन तासांपुरतेच करावे, असा हुकूम झाला. तीन तासांची नोकरी कोणता मुकादम देतो, हे हुकूम काढणाऱ्यांनी विचारले नसावे. तीन तास येतो तो पाहुणा.

तेव्हा असे धर्मगुरू सुमारे शंभर होते. त्यांतले निम्म्याच्या आसपास कामावरच राहिले आणि धर्मसत्तेशी त्यांचा दुरावा झाला. बाकीच्यांनी आज्ञा मानली. लोव आज्ञा मानणाऱ्यांत होता. त्याला भित्रा म्हणणारे आम्हांस भेटले आहेत, पण ते आम्हांस पटत नाही. ज्या मंडळीत आपण व्रत घेतले तिचा शब्द मोडावयाचा की ज्या टोळीबरोबर ओझे उचलले तिला सोडावयाचे, हा पेच त्याच्यापुढे होता. तेरा वर्षे ओझी वाहिलेल्या माणसाला त्याबद्दल बाहेरच्यांनी बोलू नये. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोदीतल्या दुसऱ्या मजुरासमोर असा पेच कधी येत नाही. त्याला परत जावयास मठ नसतो.

पेरां १९५४ सालीच मोटारसायकलच्या अपघातात गेला. १९५९ साली उरलीसुरली मोकळीकही बंद झाली. मग १९६५ साली पोप सहावे पॉल यांच्या संमतीने फ्रान्सच्या बिशपांनी पूर्णवेळ काम करण्यास पुन्हा परवानगी दिली. युनियनचे सभासद व्हावे, पण पद घेऊ नये, अशी अट होती. वर्गणी भरणारा आणि पद न मागणारा सभासद म्हटल्यावर, खरे सांगावयाचे तर, आमच्या कचेरीत त्याचे स्वागतच होईल.

अध्यक्षांची घंटा झाली. पाळीची वही कशी ठेवतात ते ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सभेनंतर भेटावे. एक जुनी वही आम्ही बरोबर आणली आहे.