आजोबांची पावती
(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आयटीच्या भविष्यावर बोलायला सांगितलं होतं. ते तुम्ही रोज ऐकता, निम्मे तर त्यातच काम करता. मी आजोबांच्या एका पावतीबद्दल बोलणार आहे. दुसरं महायुद्ध आपण शाळेत शिकलो, पण त्यात मुंबई नव्हती. बाई समोर बसल्या आहेत म्हणून आधीच सांगते, धड्यातच नव्हती!

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि त्याच्याच जोडीला कराचीहून घेतलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली. चार वाजून गेल्यावर एक स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आपल्याकडे १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

आजोबा तेव्हा वीस वर्षांचे, मस्जिद बंदरजवळच्या एका धान्याच्या वखारीत कारकून. त्या दिवशी शेठजींनी त्यांना जागेचं भाडं भरायला बॅलार्ड इस्टेटला पाठवलं होतं, म्हणून वाचले. ते परत निघाले तेव्हा खिशात भाड्याची पावती होती आणि वखार उरली नव्हती.

सरकारने त्याच वर्षी नुकसानभरपाईचा वटहुकूम काढला. हजारो माणसं ढिगारे उपसत राहिली आणि सुमारे सात महिन्यांत गोदी पुन्हा चालू झाली. युद्ध चालू होतं, गोदीशिवाय सरकारचं अडत होतं. पण वखारीखालच्या जमिनीचं काय? ती पोर्ट ट्रस्टची. १८६०च्या दशकात धक्के एल्फिन्स्टन कंपनीसारख्या खासगी हातांत गेले होते. बंदराच्या नाड्या व्यापाऱ्यांच्या हाती नकोत म्हणून सरकारने १८७० मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. हेतू चांगलाच होता. त्यातून असं झालं की वर जळालेला माल व्यापाऱ्याचा, आणि खालची जमीन ट्रस्टची. तिथे पुन्हा कोणी उभं राहायचं, किती वर्षांसाठी, किती भाड्याने, हे जमिनीचा मालक ठरवणार.

बाकीच्या मुंबईतल्या भाडेकरूला १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा आधार मिळाला. पोर्ट ट्रस्टची जमीन त्यातून वगळलेली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यातून सूट असली तरी ट्रस्ट ही सरकारी संस्था आहे, तिला मनमानी करून कोणाला काढता येणार नाही. २००४ मध्ये पुन्हा सांगितलं की भाडं वाढवा, पण नफेखोरी नको. २०१४ मध्ये केंद्राचं जमीन धोरण आलं: बंदराची जमीन लिलावाने, ठरावीक मुदतीच्या पट्ट्याने द्यायची. मुंबईतली वसाहतीची जमीन त्यातून बाहेर ठेवली. सार्वजनिक जमिनीचा लिलाव व्हावा हे मला पटतं. वशिल्यापेक्षा ते बरं. पण तीन पिढ्या एकाच जागी धंदा केलेल्या माणसाला लिलावात त्याचे गुण मिळत नाहीत, हेही खरं.

हे मला कायद्याच्या पुस्तकातून कळलं नाही, माझ्याच चुकीतून कळलं. नोकरीच्या सुरुवातीला मी भाडेपट्ट्यांच्या नोंदी ठेवणारी एक प्रणाली लिहिली. मुदत संपली की नोंद 'बंद' यादीत जाई. पहिल्याच महिन्यात बिलं निम्मीसुद्धा निघाली नाहीत. मुदत संपलेली माणसं जागेवरच होती, भाडंही भरत होती. माझ्या प्रोग्रॅममधून मात्र ती गायब झाली होती! मग मी तिसरी स्थिती घातली: 'मुदत संपली, ताबा चालू'. घरी आजोबांना सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, "अगं, आमची अख्खी गल्लीच तुझ्या तिसऱ्या रकान्यातली."

वखार गेली तशी त्यांची नोकरीही गेली. पुढे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली आणि ते इकडे आले. म्हणून मी तुमच्या वर्गात होते.

आता आपलं. मी पिंपळे सौदागरला राहते, पण तुमच्यापैकी कितीजण निगडी प्राधिकरणात वाढलात? त्या जागा ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या. ज्यांचे कारखाने एमआयडीसीत आहेत, त्यांचे ९५ वर्षांचे. वडिलांच्या कपाटातला करार काढा, तारीख बघा आणि नूतनीकरणाचं कलम वाचा. वकील मित्र आहेतच इथे, त्यांना आज जेवताना गाठा. ते फी मागतील, देऊ नका.

ती पावती मी आणली आहे. शेठजींनी ती परत घेतलीच नाही. "तूच ठेव, एवढीच वाचली" म्हणाले. प्लास्टिकमध्ये घातली आहे, पण फार जुनी आहे. जेवणाआधीच बघून घ्या, नंतर हात तेलकट होतात.