व्हिस्की कशास म्हणावे?



विषय ऐकून काहींच्या भुवया चढल्या असतील. पण मला बोलायचे आहे ते पिण्याविषयी नव्हे, नावाविषयी.

‘व्हिस्की’ हे ‘जीवनजल’ या अर्थाच्या गेलिक शब्दाचे झिजलेले रूप. जॉन कॉर या धर्मबंधूस राजाज्ञेने असे जल काढण्यासाठी आठ ‘बोल’ माल्ट दिल्याची नोंद स्कॉटलंडच्या १४९४-९५ च्या सरकारी हिशेबांत आहे. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून गरम पाण्यात त्यांची साखर उतरवायची, ती आंबवायची आणि तांब्याच्या भांड्यांतून बहुधा दोनदा अर्क काढायचा. हा अर्क पाण्यासारखा नितळ! सोनेरी रंग येतो तो पुढे, ओकच्या पिंपातून. तिकडच्या कायद्याने तीन वर्षे पिंपात मुरल्याखेरीज त्यास व्हिस्की म्हणता येत नाही. दरसाल सुमारे दोन टक्के हवेत उडते. त्यास ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. नैवेद्याची ही तऱ्हा बरी!

आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकला जाणारा पुष्कळ माल मात्र साखर कारखान्यांच्या मळीच्या मद्यार्कावर उभा असतो. मळी उसाची, म्हणजे कुळ रमचे. युरोपीय संघात त्यास व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आपल्याला धान्याची करता येत नाही, असे मात्र नाही. बंगळूरच्या ‘अमृत’ने जवाची व्हिस्की २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विक्रीस मांडली. बंगळूरच्या उष्म्यात देवदूत कितीतरी अधिक वाटा नेतात, ते निराळे.