पूर्वज्ञानाचा रकाना



शिक्षकाच्या पाठाचें टाचण आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. अध्यापनविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेलेल्या या टाचणांत प्रस्तावना आणि हेतुकथन यांच्याहि आधीं एक लहानसा रकाना असतो. त्याचें नांव ‘पूर्वज्ञान’. आज जें शिकवावयाचें आहे, त्याच्या संबंधानें मुलांच्या मनांत आधींच काय आहे, हें तेथें लिहावयाचें असतें. या पद्धतीचें मूळ जर्मन तत्त्ववेत्ता हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या विचारांत आहे. नवी कल्पना मनांतील जुन्या कल्पनांस जाऊन मिळते, तेव्हांच ती तेथें स्थिरावते, असें त्याचें प्रतिपादन होतें. त्याच्या अनुयायांनीं त्यावरून पाठाच्या पायऱ्या बांधल्या.

परंतु हा रकाना पुष्कळदां भरला जातो तो केवळ तर्कानें. ‘विद्यार्थ्यांस अपूर्णांक ठाऊक आहेत’ असें एक वाक्य लिहिलें कीं काम झालें! मागील इयत्तेच्या पुस्तकांत तो धडा होता, एवढेंच त्या वाक्यामागील प्रमाण. पुस्तकांत असणें आणि मनांत असणें यांत किती अंतर पडलें आहे, हें मुलांना विचारल्यावांचून कळावयाचें नाहीं. तें विचारण्याचें साधन म्हणजे पूर्वचाचणी.

एक उदाहरण घेऊं. पुढील आठवड्यांत दशांश अपूर्णांकांची बेरीज शिकवावयाची आहे. शिक्षकानें मुलांना दोनच प्रश्न दिले. ०.७ व ०.२५ यांत मोठी संख्या कोणती? आणि ०.३ व ०.६२ यांत मोठी कोणती? ज्याला विषय समजला आहे, तो ०.७ आणि ०.६२ अशीं उत्तरें देईल. पण कांहीं मुलें ०.२५ आणि ०.६२ असें लिहितील. पंचवीस हे साताहून अधिक, म्हणून ०.२५ मोठे, असा त्यांचा हिशेब असतो. दुसरीं कांहीं मुलें ०.७ आणि ०.३ लिहितील. शतांश हा दशांशाहून लहान, हें त्यांच्या कानावरून गेलेलें असतें. म्हणून ज्या संख्येंत अंक अधिक ती लहान, असें तीं समजतात.

आतां गंमत पाहा. या दोन्ही तऱ्हेच्या मुलांचें एक उत्तर बरोबर आणि एक चूक. गुण द्यावयाचे झाले तर दोघांनाहि दोनांपैकीं एक. गुणपत्रकावर तीं सारखींच. परंतु त्यांच्या समजुती अगदीं परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यास मीटरपट्टीवर ०.७ मीटर म्हणजे सत्तर सेंटिमीटर व ०.२५ मीटर म्हणजे पंचवीस सेंटिमीटर हें दाखविलें पाहिजे. दुसऱ्यास बासष्ट शतांश म्हणजे सहा दशांश व दोन शतांश, हें उलगडून दाखविलें पाहिजे. दोघांनाहि एकदम बेरजेकडे नेलें, तर दोघेहि आपापली चूक बेरजेंत घेऊन जातील. आणि पुढें टक्केवारींतहि.

हें केवळ लहान मुलांचेंच आहे असें नाहीं. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनासाठीं अमेरिकेंतील ॲरिझोना राज्य विद्यापीठांत हलून व हेस्टेनिस या संशोधकांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची, पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीं, अशीच चाचणी घेतली. गति टिकावयाची तर बल सतत लागत राहिलेंच पाहिजे, अशा व्यवहारांतून घडलेल्या समजुती त्यांच्या मनांत पक्क्या बसलेल्या आढळल्या. नेहमीच्या पद्धतीनें अभ्यासक्रम पुरा झाल्यावरहि त्यांत फारसा फरक पडला नाहीं.

पूर्वचाचणी चांगली व्हावी म्हणून फार खटाटोप लागत नाहीं. प्रश्न चारपांचच असावेत, पण प्रत्येक प्रश्नामागें ‘चुकलें तर कोणत्या समजुतीनें चुकेल’ याचा विचार असावा. उत्तराबरोबर एक ओळ कारण लिहून घ्यावें. ती धड्याच्या दोनतीन दिवस आधीं घ्यावी, म्हणजे टाचण बदलण्यास अवधि राहतो. मग कागदांचे, गुणांप्रमाणें नव्हे, तर समजुतीप्रमाणें गठ्ठे करावेत. बहुतेकांस विषय येत असेल, तर तेवढा भाग सोडून पुढें जावें. बहुतेकांचा पायाच कच्चा असेल, तर एक पायरी खालून आरंभ करावा. वर्ग विभागलेला असेल, तर एका गटास उदाहरणें देऊन दुसऱ्याजवळ बसावें. धडा संपल्यावर तेच प्रश्न, आंकडे बदलून, पुनः विचारावेत. शिकविण्याचा उपयोग किती झाला, हें मग शिक्षकास आपोआप कळेल.

न शिकविलेलें विचारलें तर मूल खचेल, त्याच्या मनांत चुकीचेंच ठसेल, अशी शंका आईबापांस येते. या बाबतींत २००९ सालीं रिचलंड, कॉर्नेल व काओ यांनीं प्रसिद्ध केलेले प्रयोग धीर देणारे आहेत. उतारा वाचण्यापूर्वींच ज्यांना प्रश्न विचारले, त्यांचीं उत्तरें बहुतेक चुकलीं. परंतु वाचनानंतर त्या प्रश्नांचीं उत्तरें, नुसत्या वाचणाऱ्यांपेक्षां त्यांनाच अधिक आठवलीं. मात्र चाचणीनंतर बरोबर उत्तर नीट शिकविलें गेलें पाहिजे, आणि तिला गुण नसले पाहिजेत. गुण आले कीं मूल आपलें अज्ञान लपवूं लागतें. आणि नेमकें तेंच तर शिक्षकास पाहावयाचें असतें!

येथें घरच्या मंडळींचा संबंध येतो. शाळेंत अशी चाचणी आहे असें कळतांच आपण मुलास आदल्या दिवशीं शिकवणीस बसवितों, चार उत्तरें घोकून घेतों, आणि संध्याकाळीं ‘किती बरोबर आलें?’ म्हणून विचारतों. यांत हेतु प्रेमाचाच असतो. पण घोकलेल्या उत्तरानें शिक्षकाची समजूत होते कीं या मुलास विषय येतो. मग ज्या पायरीवर तें मूल खरोखर उभें आहे, तेथें त्याला घ्यावयास कोणीहि जात नाहीं. तें वर्गांत मुकाट्यानें बसून राहतें, आणि पुढें एक दिवस ‘याला गणिताचें डोकेंच नाहीं’ असा शिक्का आपणच त्याच्यावर मारतों.

म्हणून आईबापांस माझी विनंति इतकीच कीं, पूर्वचाचणीस मुलाला जसें आहे तसें जाऊं द्यावें. तें परत आल्यावर गुण विचारूं नयेत. ‘कोणता प्रश्न होता, आणि तुला काय वाटलें?’ असें विचारावें, व तें काय सांगतें तें मध्यें न बोलतां ऐकून घ्यावें.