दुखरा हात आणि चालती सायकल



या व्यासपीठावरून साहित्य, तत्त्वज्ञान, राज्यकारभार अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने होतात. चालकांनी मला बोलावले ते मी कामगार चळवळीवर बोलेन अशा अपेक्षेने. मी विषय कळविला तो असा : कोपर दुखत असताना सायकल कशी चालवावी. चिटणीसांना वाटले, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. हा विषय चळवळीच्या बाहेरचा आहे असे मला वाटत नाही. तो का नाही, हे ओघात येईलच.

प्रथम एक कबुली देतो. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. मी डॉक्टर नव्हे. आज सांगणार आहे ते स्वतःच्या हाताने भोगलेले, जाणत्यांना विचारलेले आणि मग पुस्तकांतून पडताळून पाहिलेले आहे.

तीस वर्षे मी सायकलवरून संघटनेचे काम करीत आलो. पहिली पाळी सुटायच्या वेळी एका दरवाजावर सभा, दुसरी भरायच्या वेळी दुसऱ्या दरवाजावर. पत्रकांचा गठ्ठा आणि ध्वनिक्षेपकाची पिशवी हँडलला अडकवलेली. २०२२ च्या पावसाळ्यात उजवे कोपर बाहेरच्या बाजूने दुखू लागले. आरंभी मी लक्ष दिले नाही. पुढे अशी वेळ आली की चहाचा भरलेला पेला उचलताना हातातून निसटू लागला. दाराची मूठ फिरवताना, ओला पंचा पिळताना कळ थेट मनगटापर्यंत जाई. सभासदांचे अर्ज लिहून देणे हे माझे निम्मे काम; तेही अडू लागले.

एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कोपर दाबले, गोळ्या दिल्या, पुढच्या खेपेस सुई दिली आणि म्हणाले, "सायकल बंद करा." सुईने दीड महिना स्वर्ग दाखविला. मग दुखणे परत आले ते पूर्वीपेक्षा जोराने. पुढे वाचनात आले की या दुखण्यात स्टेरॉइडच्या सुईने पहिले काही आठवडे आराम पडतो. पण वर्षअखेरीस पाहिले तर सुई घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा पुष्कळदा चांगली नसते, उलट मागेच असते. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रांग मोठी होती. त्यांनी माझे कोपर पाहिले, मी काय काम करतो हे विचारायला त्यांना सवड नव्हती.

मुलगी म्हणाली, "बाबा, आता मोटारसायकल घ्या." एका सहकाऱ्याची गाडी महिनाभर चालवून पाहिली. आश्चर्य असे की हात अधिकच दुखू लागला. उजव्या मुठीने वेगाची पकड सतत पिळून धरायची, डाव्या मुठीने क्लच दाबायचा, आणि या दोन्ही गोष्टी रहदारीत दर मिनिटाला. तेव्हा उमगले की खोट सायकलीत नाही, मुठीत आहे.

हे नीट समजून घेऊ. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला बांधलेले असतात. बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. आपण मूठ आवळतो तेव्हा बोटे मिटवणारे स्नायू मनगटाला आत ओढतात. मनगट वाकू नये म्हणून वरचे स्नायू उलट ओढ देऊन ते स्थिर ठेवतात. म्हणजे प्रत्येक घट्ट मुठीचा ताण त्या एका उंचवट्यावर पोचतो. तासन्‌तास, वर्षानुवर्षे असे झाले की कंडरेचे तंतू झिजतात. ताज्या सुजेपेक्षा झिजेचाच भाग यात मोठा असतो. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या फार दूर नेत नाहीत. इंग्रज वैद्यांनी १८८३ च्या सुमारास याला टेनिसचे नाव दिले, कारण त्यांच्यापुढे येणारे रोगी टेनिस खेळत. सुतार, गवंडी, स्क्रू पिळणारे आणि कपडे पिळणाऱ्या बायका यांचेही कोपर तेच. पण नाव देण्याच्या बैठकीला त्यांना कोणी बोलावले नव्हते.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. त्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की रोग्याला जे प्रश्न विचारता त्यांत एकाची भर घाला : तुझा धंदा कोणता? तीनशे वर्षे उलटून गेली, पण तो प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जातो असे म्हणवत नाही. मला तो विचारणारी भेटली एक तरुण फिजिओथेरपिस्ट. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "काका, उद्या येताना सायकल घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिने मला भिंतीच्या आधाराने सायकलवर बसविले आणि बाजूला उभी राहून पाहिले. पाच मिनिटांत चार गोष्टी निघाल्या. सीटचे नाक खाली झुकलेले होते. त्यामुळे मी पुढे घसरत होतो आणि हातांनी स्वतःला मागे रेटत होतो. सायकल जुन्या बाजारातून घेतलेली, माझ्या उंचीला मोठी. हँडल लांब पडत असल्याने कोपरे ताठ राहत होती, आणि ताठ हातातून खड्ड्याचा धक्का सरळ वर चढतो. उजवा ब्रेक गंजून इतका जड झाला होता की तो दाबायला सारी मूठ लागे. आणि पत्रकांची पिशवी नेहमी उजव्या बाजूला. हँडल सरळ ठेवायला हात सारा वेळ झुंजत असे.

मिस्त्रीने अर्ध्या तासात काम केले. सीट सपाट केली आणि थोडी पुढे घेतली. उंची अशी ठेवली की पॅडल तळाला असताना टाच त्यावर टेकवली तर गुडघा सरळ व्हावा. हँडल दोन बोटे वर काढले. ब्रेकची तार बदलली आणि ब्रेकची दांडी किंचित खाली वळविली, म्हणजे बोटे तीवर ठेवताना मनगट मागे मुडपत नाही. मुठींवर जाड रबर चढविले. पिशवी मागच्या कॅरियरवर गेली. चाकांत दगडासारखी हवा भरायची माझी सवयही सुटली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, त्याआधीच्या सायकलींना लोक हाडे खिळखिळी करणारे यंत्र म्हणत. हवा धक्का गिळण्यासाठी असते. टायरवर छापलेल्या मर्यादेच्या वर ती भरली तर वाटेतला प्रत्येक खडा हाताला मोजावा लागतो.

चालविण्याची रीतही बदलावी लागली. कोपर किंचित वाकलेले, खांदे खाली, मनगट सरळ. मूठ आवळायची ती मोर्चात. हँडलवर बोटे नुसती टेकलेली पुरतात. दर चौकात हात सोडून बोटे उघडमीट करायची, हँडलवरची जागा बदलायची. गतिरोधक आला की बूड सीटवरून जरासे उचलायचे, म्हणजे धक्का पाय घेतात. पाय मोठे आहेत, त्यांनी घ्यावा.

आता व्यायाम. झिजलेली कंडरा नुसत्या विश्रांतीने बळकट होत नाही. तिला बेताबेताने काम द्यावे लागते. हाताचा कोपरापासूनचा भाग टेबलावर ठेवावा, तळवा खाली, मनगट काठाच्या बाहेर. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली घ्यावी, म्हणजे अर्धा किलो झाले. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलावे आणि दुखऱ्या हाताने चार-पाच आकडे मोजत सावकाश खाली सोडावे. असे दहा-पंधरा वेळा, थोडे थांबून पुन्हा, दिवसातून एकदा-दोनदा. बाटलीही सोसत नसेल तर प्रथम मनगट सरळ धरून, वरून दुसऱ्या हाताने दाबून, अर्धा मिनिट नुसते तग धरावे. करताना थोडे दुखले तर चालते; दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर माप कमी करावे. फळ दिसायला दोन-तीन महिने लागतात. मला तीन लागले. पहिल्या महिन्यात मी दोनदा कंटाळून सोडले होते, हेही सांगून टाकतो. कोपराच्या दोन बोटे खाली बांधायचा पट्टा मिळतो, त्याने काहींना आराम वाटतो; पण पट्टा म्हणजे टेकू, पाया नव्हे.

सगळी दुखणी मात्र या जातीची नसतात. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर तळव्याच्या बुडाशी किंवा कोपराच्या आतल्या खाचेत नस दबत असते. तिथे व्यायामाआधी दाब काढला पाहिजे. मान वर करून वाकून बसल्याने मानेतूनही कळ हातात उतरते. हाताची शक्ती जात असेल, तळव्याचे मांस ओसरत असेल, सांधा तापून सुजला असेल, तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टरांकडे जावे. आणि हाताबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर सायकलही नको नि व्याख्यानही नको; ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या वस्तीत एक वर्तमानपत्रे टाकणारा गृहस्थ आहे. पहाटे चारला उठून दोनशे घरे करतो. त्याचेही कोपर गेले. त्यालाही कोणी सांगितले, "सहा आठवडे विश्रांती घ्या." तो माझ्याकडे आला नि म्हणाला, "अण्णा, सहा आठवड्यांत माझी लाइन दुसरा घेईल. मग हात बरा करून करू काय?" विश्रांती हा शब्द औषधाच्या चिठ्ठीवर फुकट लिहिता येतो, तो घ्यायला मात्र पैसे पडतात. ज्याला पगारी रजा नाही त्याला विश्रांती सांगणे म्हणजे भुकेल्याला उपास सांगणे. १९२३ सालच्या कायद्याने कामावरच्या अपघाताची भरपाई मागण्याचा हक्क कामगाराला दिला. पण एका क्षणात तुटलेले बोट सर्वांना दिसते. दहा वर्षांत झिजलेले कोपर कोणाच्या नोंदवहीत चढत नाही.

आम्ही त्याची सायकल उलटी करून बसलो. अंकांचा सगळा भार हँडलवरच्या पिशवीत होता. तो कॅरियरच्या दोन्ही बाजूंना वाटला, उरलेले अंक निम्म्या वाटेवरच्या एका दुकानात ठेवायची सोय केली. ब्रेक हलके केले. बाटलीचा व्यायाम शिकविला. पहिले तीन आठवडे जिने चढायला त्याच्या मुलाने मदत केली. एक दिवसही लाइन चुकली नाही, आणि चार महिन्यांनी तो दोन्ही हातांनी गठ्ठा उचलू लागला. प्रत्येकाचे असे होईलच अशी हमी मी देत नाही. इतकेच म्हणतो की "काम सोड" आणि "दुखणे सोस" या दोहोंच्या मध्ये बरीच मोकळी जागा आहे. ती शोधणे हेच संघटनेचे काम. कारखान्यात आम्ही बाकाची उंची, हत्याराची मूठ, कामाची अदलाबदल यांवर वाटाघाटी करतो. त्याच वाटाघाटी माणसाने आपल्या सायकलीशीही कराव्यात.

माझा हात पुरता बरा झाला असे म्हणणार नाही. लांबचा फेरा झाला की अजून आठवण देतो. पण पेला निसटत नाही, अर्ज लिहिता येतात, आणि आज मी इथे सायकलवरूनच आलो.

 कोणाला आपल्या सीटची उंची तपासून घ्यायची असेल तर सभा संपल्यावर दारापाशी थांबावे. माझ्या पिशवीत पाना आहे.